आप्पांच्या कानात वाजलेला फोन

नंदुरबारच्या बसस्थानकावर गाड्या पुकारायचं काम मी करते. शहादा, तळोदा, नवापूर, साक्री. अमुक फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी लाभ घ्यावा. गावातल्या निम्म्या लोकांनी माझा चेहरा कधी पाहिलेला नाही, पण आवाज सगळे ओळखतात. भाजीबाजारात मी मेथीचा भाव विचारला की विकणारी बाई चमकून वर बघते. आणि अख्ख्या स्थानकाला ऐकू जाणारा हा आवाज माझ्या सख्ख्या बापाला ऐकू जात नव्हता.

आप्पा पत्र्याचं काम करायचे. लग्नातल्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, तेलाचे डबे. पत्र्यावर हातोडा मारत माणसाने उभा जन्म काढला की कान जायचेच. त्यांच्या दुकानाच्या गल्लीत सगळेच अर्धे बहिरे होते, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नसे. शेजारच्या दुकानात चाचा बसायचे, तेही पत्र्याचेच कारागीर. दोघांच्या मधली भिंत पत्र्याचीच होती, आणि तिच्यावर ठोकून दोघं बोलायचे. एक ठोका म्हणजे चहा सांग. दोन म्हणजे मी जरा बाहेर जातो, दुकानावर लक्ष ठेव. आणि तीन म्हणजे कळलं. एकाने ठोकलं आणि दुसऱ्याने तीन वाजवले की विषय संपला. तोंडाने बोलायची त्यांना गरजच पडत नसे.

गरज आम्हाला पडायची. घरात आप्पांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायचं तरी अर्ध्या गल्लीला कळायचं. त्यांच्याशी हळू आवाजात बोललेला एकही शब्द मला लहानपणातला आठवत नाही.

मी नोकरीत कायम झाले तेव्हा हट्टाने त्यांना कानाची मशीन घेऊन दिली. दोन्ही कानांना दोन, हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या. दुकानातल्या मुलीने सांगितलं की हिला ब्लूटूथ आहे, मोबाईलला जोडता येते. मोबाईलवर गाणं लावलं की थेट यांच्या कानात वाजेल, बाहेर कुणाला ऐकू येणार नाही. आप्पांकडे बटणांचा साधा फोन, त्याला असलं काही जमणार नव्हतं. म्हणून तिने ती माझ्या फोनला जोडून दिली. आप्पांनी मशीन उलटीपालटी करून बघितली.

"तार कोठे शे?" त्यांनी विचारलं.

तार नाही, मी म्हटलं. फोन दहा-पंधरा पावलांवर असला की आपोआप जोडला जातो, लांब गेला की सुटतो. भिंत आड आली तरी चालतं. त्यांनी थोडा विचार केला आणि तीन वेळा टेबलावर टकटक केलं. त्यांना कळलं होतं. भिंतीपलीकडून बोलणं त्यांच्यासाठी काही नवीन नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. माझ्या बरोबरीने काम करणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला, मी उचलला, तर पलीकडून काहीच नाही. हॅलो हॅलो करून मी ठेवून दिला. आत गेले तर आप्पा पलंगावर बसलेले, चेहरा गंभीर.

"तुन्ही मैत्रीण रडी ऱ्हायनी," ते म्हणाले. "नवरासंगे भांडण व्हयनं तिन्हं."

फोनवरचं सगळं बोलणं माझ्याऐवजी त्यांच्या कानात गेलं होतं. फोन मी उचललेला, बहिरी मी आणि ऐकणारे आप्पा, असं दृश्य. माय तर पदर तोंडाला लावून न्हाणीकडे पळाली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन त्या मुलीकडून सेटिंग बदलून घेतलं: गाणी त्यांच्या कानात, फोन माझ्या कानात.

त्या दिवसांत आप्पा एकदा बसस्थानकावर येऊन बसले होते. मला न सांगता. ड्यूटी संपवून मी बाहेर आले तर रसवंतीशेजारच्या बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. दोन तास माझ्या गाड्या ऐकल्या म्हणाले.

"तुन्हा आवाज गोड शे व माय," ते म्हणाले. "मंग घरमा कसाले वरडस?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. आपल्या बापाने आपला आवाज पहिल्यांदा नीट ऐकायला आपली चाळिशी उजाडावी लागली, याचं.

खोकला त्याच हिवाळ्यात लागला. आमच्या गावात मिरचीच्या दिवसांत खोकला हा आजार धरतच नाहीत. पठाऱ्यांवर, म्हणजे गावाबाहेरच्या वाळवणाच्या मैदानांवर, लाल मिरची वाळत पडलेली, वारा तिकडून आला की शाळेतली पोरं, रिक्षावाले, देवळातला पुजारी, सगळे खोकतात. आप्पाही खोकायचे. "मिरचीना ठसका शे, दुसरं काय," म्हणायचे. मिरची पोत्यात भरली गेली, पठाऱ्या रिकाम्या झाल्या, उन्हाळा तापला, तरी त्यांचा ठसका राहिला. मग कफात रक्त दिसलं, आणि मी त्यांना रेल्वेने सुरतला नेलं. डॉक्टर मूळचे खानदेशातलेच होते. तपासण्या झाल्या, छातीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल फोनवर कळवतो म्हणाले.

निकाल येण्याआधीच मायने मला देवघरासमोर बसवलं आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"तुले मन्ही आण शे," ती म्हणाली. "काहीबी निघो, त्यासले सांगानं नही. मन्हा भाऊले सांगं व्हतं, तो भीतकडे तोंड करीसन पडी ऱ्हायना. मंग उठनाच नही."

हे आमच्याकडे घरोघर असंच चालतं. आजाऱ्याला आजार सांगत नाहीत. गावाला माहीत, भाऊबंदांना माहीत, दूधवाल्याला माहीत. ज्याच्या छातीत तो आहे फक्त त्यालाच तो माहीत नसतो. मला या प्रकाराची चीड आहे. पत्र्यातलं सुईएवढं भोक हातभर लांबून हेरणाऱ्या माणसाला स्वतःचं मरण दिसू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? त्यांना काही बोलायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, काही मागायचं असेल, तर ते कधी करणार? पण मायचं डोकं माझ्या तळव्याखाली थरथरत होतं. मी शपथ घेतली.

फोन आला तेव्हा माय गिरणीवर गेली होती. आप्पा आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर पडलेले. मी बाहेरच्या खोलीत होते. डॉक्टरांचा नंबर होता. मी उचलला. काहीच ऐकू येईना. हॅलो, डॉक्टर, हॅलो. आमच्या घरात रेंज कधी धड येत नाही, म्हणून मी ओट्यावर आले. तिथेही काही नाही. खिडकीतून आत नजर गेली तर आप्पा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. आजारपणात ते स्वतःशीच बोलू लागले होते, मला त्यात नवल वाटलं नाही. मी पायऱ्या उतरून गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानापर्यंत गेले, आणि एकाएकी डॉक्टरांचा आवाज स्वच्छ आला.

"...बरं. नाही सांगणार," ते म्हणत होते.

"डॉक्टर, आता येतंय ऐकू," मी म्हटलं.

 मला वाटलं, ते त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्या कुणाशी बोलत असावेत. मग त्यांनी हळू आवाजात मला सगळं सांगितलं. फुफ्फुसाचा कॅन्सर. पसरलेला. उपचार म्हणजे त्रास कमी करण्यापुरतेच. मी दुकानाच्या कठड्याला धरून उभी राहिले. दुकानदाराने स्टूल दिला, पाणी दिलं, आणि काय झालं ते विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं.

मग आमच्या घरात नाटक सुरू झालं. सलाईनला ताकदीचं सलाईन म्हणायचं. गोळ्यांची पाकिटं मायने फाडून टाकली, गोळ्या जुन्या डबीत भरल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण दाराबाहेर डोळे पुसून आत यायचा आणि म्हणायचा, अशक्तपणा आहे, दोन महिन्यांत हातोडा धराल. चाचासुद्धा तेच म्हणाले. पन्नास वर्षं भिंत ठोकून बोललेला माणूस. त्याला खोटं धड बोलता येईना, तो सारखा स्वतःच्या टोपीशी चाळा करत राहिला. आप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. हो, ताकदीचं औषध चालू आहे, म्हणायचे.

एकदा मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"ताकद येवाले किती दिन लागतीन व माय?"

मी चमचा खाली ठेवला नाही. हात तसाच ठेवून म्हटलं, "पंधरा-वीस दिन लागतीन, आप्पा."

त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं. मी चमचा आत दिला.

त्याच काळात त्यांना मशीनचा कंटाळा आल्यासारखं दिसू लागलं. माझा फोन वाजला की ते दोन्ही कानांतली मशीन काढायचे आणि तिच्याच डबीत ठेवून झाकण लावायचे. कान दुखतात म्हणायचे. मी फोन संपवून आत यायचे तर ते भिंतीकडे बघत पडलेले असायचे, आणि मला पुन्हा ओरडून बोलावं लागायचं. मी वैतागायचे. एवढी चांगली मशीन, वापरायची नाही म्हणजे काय? मायही म्हणायची, आता जगाचं ऐकायचा कंटाळा आला असेल त्यांना. मशीन पुन्हा कानात घालायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी दरवेळी कपाळाला आठ्या घालून केलं.

पावसाळा अर्धा सरला तोवर आप्पा पलंगावरून उठेनासे झाले. बोलणं जवळजवळ थांबलं. दम पुरायचा नाही. त्यांना सुरतला नेणं आता शक्य नव्हतं, म्हणून मी एकटी रिपोर्ट घेऊन गेले. डॉक्टरांनी कागद चाळले, दुखण्याच्या औषधाचा डोस वाढवून लिहून दिला आणि विचारलं की ते मनाने कसे आहेत.

"बरे आहेत," मी म्हटलं. "त्यांना आम्ही काहीच सांगितलेलं नाही ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला त्यांनी अजून सांगितलं नाही?" ते म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी फोन लावला, माझं नाव घेतलं आणि निकाल सांगायला सुरुवात केली. मधे कुणी काही बोललं नाही. सगळं सांगून झाल्यावर एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "साहेब, मी पेशंटच बोली ऱ्हायनू." डॉक्टर गडबडले. आप्पांनी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या: त्रास किती होईल, आणि पुढची मिरची बाजारात येईपर्यंत मी असेन का. आणि मग म्हणाले होते, "मन्ही आंडेरले सांगू नका, माले समजनं म्हणीसन. ती रोज गाड्या पुकारस. तिन्हा आवाज बसी जाई."

"त्यांनी तुमचा फोन घेतला असेल असं मला वाटलं," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्यात तुमचा आवाज आला. मी त्यांना शब्द दिला होता. पण इतके महिने घरात कुणीच बोललं नसेल असं मला वाटलं नव्हतं."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी एकेक गोष्ट जुळवत आले. त्या फोनच्या आदल्याच दिवशी एक मशीन दुरुस्त होऊन आली होती आणि मी घरी ती नव्याने फोनला जोडली होती. नव्याने जोडल्यावर दुकानातल्या मुलीने बदललेलं सेटिंग पुसलं गेलं. गाणीही त्यांच्या कानात, फोनही त्यांच्या कानात. मशीनला छोटा माईक असतो, त्यातून ते पलंगावर पडल्या पडल्या पुटपुटले ते सुरतला पोचलं. मी गल्लीच्या तोंडाशी गेले तेव्हा जोड सुटला आणि आवाज माझ्याकडे आला. आणि त्यानंतर दरवेळी माझा फोन आधी त्यांच्या कानात वाजत होता. ते मशीन काढून डबीत ठेवत होते, ते कंटाळ्याने नव्हे. डबी बंद झाली की मशीनही बंद होते, आणि फोन मला ऐकू येतो. मी त्यांच्यापासून लपवत होते, आणि मला लपवता यावं म्हणून ते स्वतःचे कान काढून ठेवत होते.

नवापूर गेलं, डोंगर गेले, मला काही दिसलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. मायचा आला, डॉक्टरांचा आला, दारात डोळे पुसून आत येणाऱ्या एकेका नातेवाइकाचा आला. एवढे महिने घरात एक माणूस आपलं मरण एकटा घेऊन पडला होता आणि आम्ही त्याला ताकदीच्या गोष्टी सांगत होतो. पंधरा-वीस दिवस लागतील म्हणाले होते मी. त्यांनी विचारलं तेव्हा दार उघडून दिलं होतं मला, आणि मी पेजेचा चमचा पुढे केला होता. शेजारची बाई मला रुमाल देऊ लागली तेव्हा कळलं की मी मोठ्याने रडतेय.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. माय पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती, आप्पांचा हात हातात धरून. ती आता त्यांच्याजवळून हलतच नसे. तिच्यासमोर बोलणं शक्य नव्हतं; शपथेचं सोडा, तिचं उरलंसुरलं बळ त्या खोट्यावरच तग धरून होतं. आणि मशीन काढलेली असताना ओरडून बोलावं तर गल्लीभर गेलं असतं. मी डबी उघडली, मशीन त्यांच्या कानांत बसवली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी फोन घेतला आणि मागच्या अंगणात गेले, न्हाणीच्या आडोशाला. पलंगापासून दहा पावलंही नसतील, मधे एक भिंत.

फोनमध्ये आवाज टिपायचं बटण असतं. दिवसभर माईकवर बोलणाऱ्या मला पहिले तीन-चार प्रयत्न जमलेच नाहीत. दोन शब्द बोलायचे आणि टिपलेलं पुसून टाकायचे. शेवटी बोलले.

"आप्पा, मी बोली ऱ्हायनी. डॉक्टरनी माले बठ्ठं सांगं. तुमले माहीत शे, ते माले आज समजनं. मी तुमले खोटं सांगं, पंधरा-वीस दिन म्हणीसन. आते नही सांगाव. मायले काही माहीत नही, तिले तसंच ऱ्हाऊ द्या. पण मी आठेच शे. तुम्ही एकला नही."

मग ते वाजवलं. गाणी त्यांच्या कानात जातात तसं हेही गेलं. माझ्या हातातल्या फोनमधून चिटपाखराचाही आवाज नव्हता. माझंच बोलणं मला ऐकू येत नव्हतं. पडद्यावरची बारीक रेघ पुढे सरकत होती, तेवढीच. ती शेवटाला पोचली आणि थांबली. मी भिंतीला कान लावून उभी राहिले.

 मग आतून लोखंडावर बोटाचं हाड आपटल्याचा आवाज आला. ठक. थांबून, ठक. पुन्हा थांबून, ठक.

"हाऊ काय आवाज शे?" आतून मायने विचारलं.

 मी बाहेर तोंडात पदर कोंबून उभी होते. मला त्यांचं बोलणं हवं होतं, कुठे भेटायचं राहिलं, काय द्यायचं राहिलं, आमच्यावर रागावले होते का, सगळं हवं होतं. ते आता मिळणार नव्हतं. दम नव्हता त्यांच्यात. एवढ्या महिन्यांचं जे काही होतं ते त्या तीन ठोक्यांत मावलं तेवढं मावलं.

मी चेहरा धुतला आणि आत जायला निघाले, तोच आणखी एक ठोका पडला. एकच.

तीन दिवसांपासून त्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंबही नीट उतरत नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्हवर आधण ठेवलं. माय दारात आली, आता हा कुणासाठी, म्हणाली. मी साखर टाकली, आलं ठेचून टाकलं, आणि दोन कप गाळून त्यांच्या पलंगाशी नेले. एक त्यांच्या उशाशी ठेवला. दुसरा मी त्यांच्याजवळ बसून प्यायले.